धाबळीचा झगा

हयवदन आचाऱ्याला भेटायचं असेल तर डाळ चुलीवर चढल्यावर जाऊ नये, हे १९६५ सालापर्यंत चामराजपेटेत सगळ्यांना पाठ झालं होतं. मठाच्या स्वयंपाकघरात तेवढा अर्धा तास तो कुणाचा नसे. लग्नाचं जेवण ठरवायला आलेले यजमान असोत, नाहीतर मठाचा सगळा कारभार पाहणारे नरसिंहराव असोत, बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहावं लागे. आत हा धिप्पाड गृहस्थ पाटावर बसलेला, दोन्ही हात रिकामे, आणि समोर त्याची मुलगी सुलभा. ती बोलायची, तो ऐकायचा. नव्या माणसाला वाटायचं, आचारी आळशी दिसतोय. जुनी माणसं गालातल्या गालात हसायची, कारण त्यांनी आधीचा हयवदन पाहिला होता.

आधीचा हयवदन म्हणजे चालतंबोलतं सोवळं. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बंगळुरात आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींची झालेली खिचडी ही मंडळी बिनदिक्कत मराठी म्हणून बोलत. वडील मठात स्वयंपाक करत म्हणून हयवदनही करू लागला. पहाटे आडावर स्नान, मग रेशमी मुकटा, आणि तिथून दुपारी दोनपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. सुती कपड्याला लगेच विटाळ होतो, रेशमाला आणि लोकरीला होत नाही, असा नियम. त्यामुळे सुती कपडे घालून हिंडणारं सगळं जग त्याच्यापासून चार हात लांब असे. संध्याकाळी पुन्हा स्नान, पुन्हा मुकटा, पुन्हा चूल. रोजची चाळीस पानं, सणाला तीनशे. अकरा वर्षांत त्याचा भात कधी खाली लागला नव्हता आणि त्याच्या सोवळ्याला कुणाचं बोट लागलं नव्हतं. दोन्हींचा त्याला सारखाच अभिमान होता.

घरी बायको वसुमती आणि एकुलती एक सुलभा. मठामागच्या वठारात, बारा बिऱ्हाडांच्या ओळीत, यांच्या दोन खोल्या. सगळं रीतसर चाललं होतं. मग १९५६ च्या दिवाळीनंतर वसुमतीचा खोकला थांबेना, आणि डॉक्टरांनी क्षय सांगितला. येलहंक्याच्या रस्त्यावर क्षयाचं एक इस्पितळ होतं. तिथं तिला खाट मिळाली. किमान वर्ष लागेल, म्हणाले.

जाण्याच्या दिवशी सुलभा धावत आईकडे निघाली तेव्हा वसुमतीनं पदर तोंडाला लावून दुसरा हात आडवा धरला. "जवळ येऊ नको ग राणी. लांब राहा." पोर थांबली. वळून अण्णांकडे, बापाकडे गेली. अण्णा मुकटा नेसून मठात निघालेले. त्यांनीही हात आडवा धरला. "शिवू नको, मडीत आहे, सोवळ्यात. लांब राहा."

साडेचार वर्षांची पोर ती. एकाच सकाळी आईनं आणि बापानं तिला एकच वाक्य ऐकवलं होतं. दोघांचीही कारणं पक्की होती, पण कारणं पोरांना कोण सांगतं?

सुलभा बोलायची बंद झाली. एका दिवसात नाही. हळूहळू, नळ बारीक करत न्यावा तशी. हयवदनच्या ते लक्षातही आलं नाही. तो तिला रोज बरोबर मठात नेई. स्वयंपाकघराच्या दारात त्यानं रांगोळीची रेघ ओढली होती. रेघेच्या पलीकडे खांबाजवळ पोरीनं बसायचं, अलीकडे यायचं नाही. जेवायला तिला सगळ्यात आधी मिळे. तूप सढळ. केस शेजारची गंगव्वा विंचरून देई. पोर शांत आहे, त्रास नाही, असं तो अभिमानानं सांगे. तिच्या गप्प बसण्याचंही त्यानं कौतुक करून टाकलं होतं!

इस्पितळात मुलांना दोन महिन्यांतून एकदाच आणायची परवानगी होती, तीही कुंपणापर्यंत. जुलै सत्तावन्नमधला एक रविवार. कुंपणापाशी सुलभा उभी, आणि तीस पावलांवर व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत वसुमती. तिला मोठ्यांदा बोलायची मनाई. फुप्फुसांना ताण नको. बोलायचं ते पोरीनंच.

"बोल ना ग," हयवदननं तिला कोपरानं ढोसलं. "आईला सांग, काय खाल्लंस." सुलभा बोलली नाही. "अग, श्लोक तरी म्हण." नाही. तासभर ती कुंपणाची तार धरून आईकडे बघत राहिली. घंटा झाली तशी वसुमतीनं हात हलवला आणि पोरीनंही हलवला.

निघताना हयवदन बायकोशी दोन शब्द बोलायला व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेला. वसुमतीचा आवाज बसका होता, पण शब्द मोजूनमापून ठेवलेले होते.

"अहो, शेवटचं कधी बोलली ती तुमच्याशी?"

"बोलते की. रोज बोलते."

"काय म्हणाली काल?"

हयवदननं आठवून बघितलं. काल. परवा. गेल्या आठवड्यात. हुळीत, म्हणजे इथल्या आंबट आमटीत, चिंच किती घातली होती ते त्याला महिन्याभराचं सांगता आलं असतं. पोरीचं एक वाक्य सापडेना.

"पुढच्या वेळेला मला तिचा आवाज ऐकू दे," वसुमती म्हणाली. "नाहीतर पद्माअक्का धारवाडहून येईल आणि तिला घेऊन जाईल. मी पत्र लिहिलंय. तिथं चार पोरं आहेत, घरात माणसं आहेत. माझं काय व्हायचं ते होवो, पण माझी पोर मुकी व्हायला नको."

परतीच्या बसमध्ये सुलभा त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. बसमध्ये तो सोवळ्यात नव्हता. तिचा घामेजला गाल त्याच्या मानेला चिकटला होता, आणि हयवदनला कळलं की हे असं दोन महिन्यांपूर्वी, ह्याच बसमध्ये झालं होतं. मधल्या साठ दिवसांत नाही. तो हादरला. मल्लेश्वर येईस्तोवर तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मल्लेश्वरानंतर त्याचं सोवळ्यातलं डोकं चालायला लागलं. विटाळ पोरीला नाही, कपड्याला आहे. मग कपडाच बदलला तर?

त्याच्या आईची एक जुनी तांबडी धाबळी पेटीत होती. सोवळ्यात नेसायचं ते लोकरीचं वस्त्र. आईनं जन्मभर तेच नेसून स्वयंपाक केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ती घेऊन चिक्कपेटेत दामोदर शिंप्याकडे गेला. दामोदरही जुन्या मराठी वस्तीतला, चार पिढ्या पेटेत शिवणकाम करणारा.

"पोरीला झगा शिव. पण सोवळ्यात चालला पाहिजे. आधी स्नान कर. कात्री धुऊन घे. मशिनीवर नको, हातानं शिव. कापलेली धाबळी जमिनीवर ठेवू नको, पाटावर ठेव."

"आणि मी श्वास घेतला तर चालेल ना?" दामोदरनं विचारलं.

"तोंड फिरवून घे," हयवदन म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

झगा झाला. नरसिंहरावांनी चष्मा सरसा करून लांबूनच तो पारखला. लोकर आहे ना? आहे. मग सरी, ठीक आहे, बसू दे आत. हयवदननं दारातली रेघ पायानं पुसली आणि सुलभाला चुलीपासून दोन हातांवर एक पाट मांडून दिला. आता ती शिवली तरी चालणार होतं. जग जिंकल्यासारखा तो चुलीकडे वळला.

आठ दिवस गेले. पोर पाटावर बसे. तो भाजी चिरी, फोडणी देई, भात उतरवी, आणि मधेच जाताजाता तिच्या डोक्यावर हात ठेवी. आपण फार मोठं काम करतोय असं त्याला वाटत होतं. ती मधूनमधून काहीतरी पुटपुटे. तो "हूं" म्हणे. एके दिवशी तो हयग्रीव घोटत होता. हरभऱ्याची डाळ आणि गूळ कढईत एकजीव होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. मागून बारीक आवाज आला.

"अण्णा, मी आडात पडले."

"हूं."

"बुडाले."

"हूं, सरी."

डाव तीनदा फिरला. चौथ्या फेऱ्याला ते शब्द त्याच्यापर्यंत पोचले. तो गर्रकन वळला. सुलभा पाटावरच होती, त्याच्या तोंडाकडे बघत. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रडूही नव्हतं. आपण काय बोलतो ते अण्णांपर्यंत जातं का, एवढंच तिनं तपासून पाहिलं होतं, आणि तिला उत्तर मिळालं होतं. लोकर आणली, रेघ पुसली, पण आपण स्वतः अजून रेघेच्या अलीकडेच होतो, हे त्याला त्या कढईपाशी लख्ख कळलं.

आता करायचं काय? चाळीस माणसांचा स्वयंपाक टाकून बसता येत नव्हतं. पण हयवदन आपल्या कामातला पक्का होता. कुठल्या भांड्याला कधी माणूस लागतो हे त्याच्या अंगात मुरलं होतं. त्यानं सकाळ डोळ्यांपुढून नेली आणि त्याला सापडलं: तुरीची डाळ मोठ्या तपेल्यात चढली, जाळ बेताचा केला, की अर्धा तास तिला कुणी लागत नाही. तो अर्धा तास तो आजवर उगाच इकडचं तिकडं करण्यात घालवत आला होता. झाकणं पूस, पळ्या ओळीनं लाव.

दुसऱ्या दिवशी डाळ चढवून तो सुलभासमोर पाट घेऊन बसला. हात मांडीवर. ते हात काही केल्या स्वस्थ बसेनात. एकदा त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलली. त्यानं ती परत ठेवली. एकदा चुलीतलं लाकूड मागं ओढायला निघाले. त्यानं ते आवरले. सुलभा हे सगळं बघत होती. बोलली नाही. त्यानंही "बोल ना" म्हटलं नाही. कुंपणापाशी कोपरानं ढोसलेलं त्याला आठवत होतं. अर्धा तास संपला, डाळ शिजली.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तो बसल्याबसल्या सुलभा म्हणाली, "टोचतं."

"कुठं?"

तिनं बगलेखाली बोट लावलं. झग्याची शिवण आतून जाड होती, आणि कोवळ्या अंगावर बरगडीपर्यंत लाल वळ उठला होता. काही ठिकाणी कातडं सोललं होतं.

"कधीपासून ग?"

"पहिल्या दिवसापासून. मी सांगितलं होतं." मग तिनं हिशोबही दिला. "चारदा."

हयवदन, ज्याला तीनशे पानांत मीठ कमी पडल्याचं वासावरून कळे, तो त्या वळाकडे बघत बसला आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत. खोबरेल आणलं, बोटानं हळूच लावलं. मग दोघांनी मिळून मसलत केली. झगा उलटा घातला तर? शिवण बाहेर, मऊ बाजू आत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उलटा झगा घालून ती आली, हात वर करून दोनदा गिरकी घेतली आणि म्हणाली, "आता नाही टोचत."

त्या दिवशी अर्धा तास पुरला नाही. पोरीच्या आत काय काय साठलं होतं! गंगव्वा वेणी ओढून घालते. मठाच्या मांजरीला चार पिल्लं झाली होती, आता तीनच आहेत. आई वर्षानं येणार म्हणजे किती झोपा झाल्यावर? अण्णा भात उतरवताना ओठ चावतात ते का? हयवदन ऐकत राहिला. त्याला जाणवलं की चाळीस माणसं जेवून ढेकर देतात तेव्हा होतो त्यापेक्षा हा आनंद मोठा आहे. पण बोलणं सगळं बापापुरतं, कानाशी, कुजबुजत. तिसरं माणूस दारात आलं की तोंडाला कुलूप. आणि आईपर्यंत तीस पावलं होती.

सप्टेंबर उजाडला. मठाच्या मूळ गुरूंची आराधना, म्हणजे पुण्यतिथी, शनिवारी होती, आणि इस्पितळाचा रविवार त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शुक्रवारी धारवाडहून वसुमतीची थोरली बहीण पद्मावतीअक्का आल्या. मोठ्या शांत स्वभावाच्या बाई. "सुलू, कशी आहेस?" म्हणाल्या. सुलभा बापामागं दडली. अक्कांनी तिचे कपडे गोळा करून एक गाठोडं बांधलं आणि पेटीजवळ ठेवलं. "रागावू नका हयवदनराव," त्या म्हणाल्या. "वसूला मी शब्द दिलाय."

हयवदन आराधनेच्या भाज्या निवडायला गेला.

आराधनेला तीनशे पानं. अशा दिवशी अर्धा तास कुठून आणायचा? त्यानं सकाळीच सुलभाला खरं ते सांगितलं. "आज मला डाळीलाही बसता यायचं नाही ग. तू तिथं खांबाजवळ बस. नैवेद्याची घंटा झाली की तुला घेतो. कुणी काही म्हणो, घेतो."

"नक्की?"

"नक्की."

पोर खांबाजवळ बसली. हयवदननं दोन मदतनीस घेऊन सात हंडे भात उतरवला, दोन कढया हयग्रीव घोटला. नैवेद्य झाला, घंटा वाजली. पंगत बसली, केळीची पानं मांडली गेली. पहिल्या पानावर भीमाचार्य, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सगळ्या पेटेत त्यांच्याएवढं कडक सोवळं कुणाचं नाही. आतल्या ओळीत बायकांमध्ये पद्मावतीअक्का. हयवदन डाव घेऊन पुढं झाला, आणि खांबाजवळून सुलभा उठली. दोन हात वर केले.

तीनशे माणसं बघत होती. त्यानं वाकून तिला उचलली आणि कडेवर घेतली.

"हयवदना!" नरसिंहराव कडाडले. ते अगदी बाजूलाच उभे होते, आणि उलट्या झग्याची शिवण त्यांच्या नाकासमोर आली होती. तांबड्या लोकरीवर पांढरे टाके स्वच्छ दिसत होते. "हा दोरा कसला? सुती दोरा!"

हयवदननं पाहिलं. दामोदरला त्यानं स्नान करायला लावलं होतं, कात्री धुवायला लावली होती, पाट, हात, श्वास, सगळं सांगितलं होतं. दोरा कशाचा, हे विचारायचं राहून गेलं होतं. जो माणूस तांदळातला खडा अंधारातही काढेल, त्यानं हे करून ठेवलं होतं.

"आधी तिला खाली ठेव," नरसिंहराव म्हणाले.

आणि तेव्हा हयवदनला जाणवलं की कडेवरची पोर सैल पडतेय. तिनं त्याच्या मानेभोवतीचे हात आपणहून सोडले. ती रडली नाही, हट्ट केला नाही. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ती आपणच खाली घसरायला लागली.

हयवदननं डाव मदतनिसाच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी तिला घट्ट धरली.

"नाही ठेवत," तो म्हणाला.

"काय?"

"मी पुन्हा स्नान करतो, नरसिंहराव. म्हणाल तर तीनशे पानांचा स्वयंपाक पुन्हा करतो. म्हणाल ते प्रायश्चित्त घेतो. उद्यापासून येऊ नको म्हणालात तर तेही ऐकतो. पण हिला खाली ठेवणार नाही. हिला लांब राहा म्हणून झालं माझं सगळं सांगून. आता नाही."

पंगतीत कुजबुज सुरू झाली. पहिल्या पानावरून भीमाचार्यांनी हात वर केला. "स्वल्प थांबा. अन्न बाटलं का, तेवढं बोला. मला भूक लागलीय. पोरीला आज घेतलं केव्हा? स्वयंपाक होण्याआधी की नंतर?"

"ते कोण सांगणार, आचार्य?" नरसिंहराव म्हणाले. "हा काय, आपल्या सोयीचंच सांगणार."

"घंटा झाल्यावर."

आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. सगळ्यांनी माना वळवल्या. सुलभानं पुन्हा बापाच्या मानेभोवती हात टाकले होते आणि ती सरळ भीमाचार्यांकडे बघत होती.

"मी सकाळपासून त्या खांबाजवळ होते. अण्णांनी सात वेळा भात उतरवला. हयग्रीवाच्या दोन कढया. मी मोजलं. मला एकदाही शिवले नाहीत. घंटा झाली, मग घेतलं. आमचं तसंच ठरलं होतं."

"ठरलं होतं?" म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "आणि झगा उलटा का ग?"

"टोचत होतं. अण्णांनी विचारलं कुठं टोचतं. मग आम्ही उलटा केला."

आतल्या ओळीत पद्मावतीअक्कांनी पदर तोंडाशी नेला. आल्यापासून त्यांच्या कानावर त्या पोरीचा शब्द पडला नव्हता, आणि आज ती तीनशे माणसांसमोर साक्ष देत होती.

"झालं तर," भीमाचार्य म्हणाले. "नैवेद्याआधी स्पर्श नाही, अन्न शुद्ध. आचाऱ्यानं स्नान करून यावं आणि वाढावं."

"आणि मागचा दीड महिना, आचार्य?" नरसिंहराव हटेनात. "तेव्हा तर ती रोज आतच होती!"

"ते माझ्या पोटात गेलं, नरसिंहराव. तुमच्याही. आता बाहेर कसं काढायचं, ते जेवण झाल्यावर सांगा."

पंगत खदखदून हसली. नरसिंहरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मग तेही हसले. हयवदन पोरीला कडेवर घेऊनच आडावर गेला. एक घागर स्वतःवर, एक तिच्यावर. तिच्या किंकाळ्या आणि हसणं पंगतीपर्यंत ऐकू येत होतं. परत आले तेव्हा भीमाचार्यांनी आपल्या खांद्यावरची लोकरीची शाल काढून धरली होती. "हिला गुंडाळ. शालीला दोराच नाही." त्या दिवशी मठाच्या इतिहासात प्रथमच पंगत पाव तास उशिरा जेवली, आणि हयवदननं एका हातानं वाढलं.

रविवारी तिघं येलहंक्याच्या बसनं इस्पितळात गेले. अक्कांनी गाठोडं बरोबर घेतलं होतं. काल मठात बोलली, पण वसूला दिलेला शब्द वेगळा होता. तिचा आवाज वसूनं ऐकायचा होता.

व्हरांड्यात वसुमती बसलेली. कुंपणापाशी सुलभा तार धरून उभी. एक मिनिट गेलं, दोन गेली. व्हरांड्यातला चेहरा हळूहळू उतरत चालला.

"बोल ग बाळ," अक्का म्हणाल्या.

"असू दे, अक्का," हयवदन म्हणाला आणि पोरीशेजारी उकिडवा बसला. तो कुठं जाणार नव्हता. त्याला कसली घाई नव्हती.

सुलभानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अण्णा, एवढ्या लांबून आईला ऐकू येईल?"

"मोठ्यांदा बोललीस तर येईल."

"इथं मोठ्यांदा बोललेलं चालतं?"

समोरच पाटी होती, कन्नडात आणि इंग्रजीत: शांतता राखा. जन्मात एक नियम न मोडलेल्या हयवदननं त्या पाटीकडे नीट पाहिलं.

"चालतं," तो म्हणाला.

सुलभानं छाती भरून श्वास घेतला.

"आई!"

वसुमती खुर्चीत ताठ झाली.

"आई, मी काल आडावर अंघोळ केली! अण्णांच्या कडेवर! तीनशे माणसं थांबली होती! आणि नरसिंहराव ओरडले, आणि अण्णा म्हणाले नाही ठेवत, आणि मग मी सांगितलं सगळं, मीच सांगितलं..."

व्हरांड्यातल्या बाकीच्या बायका उठून कठड्यापाशी आल्या. एक परिचारिका लगबगीनं कुंपणाकडे निघाली, पाटीकडे बोट दाखवत. हयवदननं उठून तिला हात जोडले. "बाई, दहा महिन्यांनी बोलतेय हो. बोलू द्या." परिचारिका पोरीकडे, मग व्हरांड्याकडे बघत राहिली. "सरी," म्हणाली आणि तिथंच पायरीवर टेकली.

पद्मावतीअक्कांनी गाठोडं हयवदनच्या हातात दिलं. "हे तुमच्याकडेच राहू दे. मला संध्याकाळची गाडी गाठायचीय, आणि हिचं काही लवकर संपत नाही."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आजूबाजूची माणसं उठली, हात हलवू लागली. सुलभा अजून हयग्रीवाच्या पहिल्याच कढईपर्यंत आली होती. ती थबकली आणि आईकडे पाहिलं. मोठ्यांदा बोलायची मनाई असलेली वसुमती खुर्चीवरून उठून कठड्यापाशी आली. तिनं निरोपाचा हात हलवला नाही. तो हात तिनं कानामागं धरला, आणि दुसऱ्यानं खूण केली: पुढं सांग.